पिशवीचा एक बंद त्याच्या हाती

आईबाबांनो,

पालकसभेत अभ्यासाच्या खालोखाल कुठला विषय निघत असेल, तर तो भाजीचा. "बाई, बटाटा सोडला तर कशालाच हात लावत नाही हो!" मग पराठ्यात दडवलेली मेथी, पावभाजीत मिसळलेला दुधी, इडलीच्या पिठात किसलेलं गाजर असे एकेकाचे गनिमी कावे बाहेर पडतात. त्यांना माझी ना नाही. पोटात काहीतरी जातं. पण पावभाजीतून दुधी खाल्लेल्या मुलाची दुधीशी ओळख काही होत नाही. पुढे कधी दुधीची साधी भाजी पुढ्यात आली की ती त्याला परकीच वाटते. आपण सगळे प्रयत्न ताटाशी करतो आणि ताट तर शेवटचा मुक्काम. त्याआधी ती भाजी कुठे उगवली, कुणी आणली, कशी निवडली, यातलं काहीच मुलाने पाहिलेलं नसतं. अशा अनोळखी हिरव्या ढिगाकडे बघून त्याने नाक मुरडलं, तर मी त्याला फारसा दोष देणार नाही.

म्हणून मला तुमच्याशी बोलायचंय ते बाजाराबद्दल. मुलाला भाजी आणायला सोबत न्या. आणि शक्य असेल तर जिथे पिकवणारा किंवा रानातून खुडून आणणारा माणूस समोर बसलेला असतो, अशा बाजारात न्या.

आमच्या डोंबिवलीसारख्या गावात हे दोन ठिकाणी जमतं. एक म्हणजे स्टेशनचा परिसर. कर्जत, कसारा, शहापूर, मुरबाड या बाजूच्या बायका पहाटेची गाडी किंवा एसटी धरून पाट्या घेऊन येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी ठाकूर, कातकरी समाजातल्या. त्यांच्याकडे काटा क्वचितच असतो. भाजीचे वाटे मांडलेले असतात आणि वाट्याचा भाव ठरलेला. दुसरं ठिकाण म्हणजे आठवड्यातून एकदा मैदानात किंवा रस्त्याच्या कडेला भरणारा शेतकरी बाजार. 2016 साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि पणन मंडळाच्या पुढाकाराने शहरांमधून संत सावता माळींच्या नावाचे शेतकरी आठवडे बाजार उभे राहिले. नाव अगदी योग्य दिलंय. अरणच्या सावतोबांना आपल्या मळ्यातच विठ्ठल दिसला होता. या बाजारात जुन्नर, नाशिककडचे शेतकरी गट टेम्पो घेऊन येतात, क्रेट उतरवतात आणि माल थेट आपल्या पिशवीत पडतो.

सातवी-आठवीतल्या मुलाला यामागचा हिशोबही जरूर सांगा. टोमॅटोचा क्रेट मार्केट यार्डात गेला की शेतकऱ्याच्या हातात एक पट्टी येते. विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होत होत खाली जो आकडा उरतो, तो त्याचा. बाजार पडलेला असेल तर तो आकडा बघवत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याचा धडा पुढे येणारच आहे, त्याआधी कुणा काकांना "पट्टी म्हणजे काय हो?" असं विचारू द्या. गर्दी नसेल तर ते मनापासून सांगतात. कधीकधी जरा जास्तच मनापासून.

आता मोसमाबद्दल. आपल्या मुलांना फ्लॉवर, सिमला मिरची आणि मटार बारा महिने दिसतात. मोबाईलवर भाजी मागवणं हे काही पाप नाही; दोघंही रात्री आठला घरी पोहोचत असाल तर दुसरं करणार काय? फक्त तिथे जानेवारीत आणि जूनमध्ये मटाराचा फोटो तोच असतो. महिना कुठला चाललाय ते त्या पडद्यावरून कळत नाही. पाटीवरून कळतं. मे महिन्यात करवंदं, जांभळं, ताडगोळे. पहिला पाऊस पडून आठवडा गेला की टाकळा, कुरडू, गवतासारखी दिसणारी फोडशी. मग करटोली, भारंगी. गणपतीच्या सुमाराला अळू, काकड्या, मक्याची कणसं. दिवाळीच्या आगेमागे सीताफळं. थंडी पडली की वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, पेरू, बोरं. उन्हाळ्याच्या तोंडाला अलिबागचा पांढरा कांदा माळा विणून येतो. मुलं हे पाठ करत नाहीत, करूही नये. वर्षभर बाजारात जाणाऱ्या मुलाच्या ते आपोआप अंगवळणी पडतं. मग एप्रिलमध्ये सीताफळ आणा म्हणून ते हट्ट करत नाही. "आत्ता नसतं ते," असं उलट आपल्यालाच सुनावतं.

जूनमधली एक गोष्ट सांगते. शेवळं तुम्हाला माहीत असतील. ठाणे-पालघर-रायगडकडे पावसाच्या सुरुवातीला जेमतेम काही दिवस मिळतात. जांभळट तपकिरी, टोकदार, न पेटलेली मशाल असावी तशी दिसतात. आमच्या वर्गातली एक मुलगी बाबांबरोबर स्टेशनबाहेर उभी होती. बाबांनी शेवळांची जुडी उचलली, पैसे पुढे केले. पाटीवालीने पैसे घेतलेच नाहीत. आधी बाजूच्या ढिगातून मूठभर हिरवी, आवळ्याएवढी फळं पिशवीत टाकली आणि म्हणाली, "काकडं नेल्याबिगर करू नको रं दादा, घसा खाजंल." मग मुलीकडे वळून तिने एक शेवळ सोलून दाखवलं. वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा रवाळ भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं, आणि काकडाचा आंबट रस त्यात पडलाच पाहिजे. आवाजात डॉक्टरांची जरब होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात सगळ्यांना सांगत सुटली की आमच्या घरी घसा खाजवणारी भाजी आहे आणि त्यावर औषध पण आहे. तिची ऐट बघण्यासारखी होती. तिने ती भाजी खाल्ली का? बाबा म्हणाले, दोन घास खाल्ले, घसा खाजतोय का ते बघायला. मला विचाराल तर पहिल्या भेटीला दोन घास म्हणजे भरपूर झाले. वेष्टनातल्या कुठल्या भाजीने तिला एवढी गोष्ट सांगितली असती?

रानभाज्यांच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना मात्र आईच्या काळजीने करते. सहलीला गेल्यावर ओळखीच्या वाटणाऱ्या पानांना "अरे हा टाकळाच की" म्हणून स्वतः खुडायला जाऊ नका. ओळख पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांकडूनच घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. भारंगीची पानं उकडून पाणी पिळून टाकावं लागतं, नाहीतर ती कडू लागते. ऑगस्टमध्ये, 9 तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तुमच्या तालुक्यात असला तर मुलांना घेऊन जाच. तिथे भाज्या नावानिशी मांडलेल्या असतात, शिवाय चाखायलाही मिळतात.

बरं, मुलाला नेलं बाजारात, पुढे काय? बहुतेक घरांत मूल सोबत असतं, पण हाताला धरून ओढत नेण्याचं सामान म्हणून. आई भाजी घेते, बाबा फोनवर बोलतात, मूल कंटाळतं, मग त्याला गप्प करायला वेफर्सचं पाकीट. ह्याला मी बाजारात नेणं म्हणत नाही. त्याला खरं काम द्या. पिशवीचा एक बंद त्याच्या हातात असू द्या आणि एक भाजी पूर्णपणे त्याची: कुठली घ्यायची, कुणाकडून घ्यायची, किती घ्यायची, सगळं तोच ठरवील. पन्नासची नोट त्याच्या खिशात. उरलेले सुटे मोजून घेणंही त्याचंच. साठ रुपये किलोची काकडी पाव किलो घेतली तर किती झाले, हे तिसरीतलं मूल फळ्यासमोर घाबरत करतं आणि भाजीवाल्यासमोर झटकन करतं. याचं कारण मी इतकी वर्षं शिकवूनही नीट सांगू शकणार नाही. तीन-चार वर्षांचं पिल्लू असेल तर त्याने सहा लिंबं मोजून पिशवीत टाकावीत, पुदिना नाकाशी धरावा. तेवढं पुरे. बारा-तेराच्या पुढच्यांना आठवड्याच्या भाजीचे सगळे पैसे द्या आणि चार पावलं मागे राहा.

निवड कशी करायची ते मात्र शिकवावं लागतं, आणि ते आपल्यापेक्षा विकणारा जास्त चांगलं शिकवतो. गेल्या श्रावणात कणसांच्या ढिगाशी एक शेतकरी दादा एका मुलाला शिकवत होते. त्यांनी स्वतःच एक कणीस घेतलं, टोकाकडची सालं जरा मागे ओढली आणि म्हणाले, "लाव नख." मुलाने दाण्यात नख रोवलं. पांढरं दूध चिर्रकन उडालं, थेट चष्म्यावर. "आलं ना दूध? मग कोवळं आहे. नुसतं पाणी आलं तर अजून भरायचंय, काहीच नाही आलं तर जून झालं." मग त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मी शास्त्राच्या तासाला नेहमी सांगते पण इतकं सोपं करून नाही: "आजच्या आज खा, उद्या गोडी उतरते." खरंच उतरते. कणीस मोडल्यापासून दाण्यातली साखर हळूहळू पिठूळ स्टार्चमध्ये बदलत जाते. मटाराचंही तसंच. म्हणून सकाळी तोडलेला मटार मुलं शेंगा सोलता सोलता कच्चाच फस्त करतात आणि तीन दिवसांचा शिळा पानात बाजूला काढतात. त्यांची जीभ खोटं बोलत नसते.

वांग्याचा देठ हिरवागार आणि काटेरी असावा, सीताफळाचे डोळे उघडलेले असावेत, करटोली हिरवी असावी, पिवळी पडली की आत बिया निबर होतात. हे ज्ञान मुलाच्या बोटांत जायला वेळ लागतो, पण गेलं की तिथून हलत नाही. एकच विनंती: भेंडीचं टोक मोडून पाहायला शिकवू नका. तुम्ही दहा भेंड्या मोडून पाच घेता, मागच्याने मोडक्या भेंड्या कुणाला विकायच्या? हाताला लागते कोवळी भेंडी, मोडावी लागत नाही.

तेच घासाघिशीचं. भाव विचारावा, दोन ठिकाणी फिरून बघावं, उरलेला माल संध्याकाळी कमी भावात मिळत असेल तर खुशाल घ्यावा. बाजार म्हटला की एवढं चालायचंच. पण पाटीवालीच्या वीस रुपयांच्या वाट्याला पंधरा द्यायचे आणि वर मूठभर मिरच्या उचलायच्या, हे मुलाच्या देखत करू नका. मुलाच्या मागेही करू नका म्हणा. घरी आल्यावर "कसे पाच रुपये वाचवले" ही बढाई तर नकोच. मूल त्यातून काटकसर शिकत नाही, कुणाशी कसं वागलं तर चालतं ते शिकतं. त्याला "ओ मावशी", "दादा, हे केवढ्याला?" असं म्हणायची सवय असू द्या. "ए भाजीवाली" ही हाक आपल्या तोंडून त्याच्या कानावर पडता कामा नये.

इथे एक शंका तुमच्या मनात येणार. "पण बाई, तिथे बसलेले सगळे शेतकरीच असतात का?" नसतात. ज्या टेबलावर टोमॅटोच्या शेजारी सफरचंद आणि किवी मांडलेत, तिथला माल सरळ घाऊक मार्केटमधून आलाय हे उघड आहे. एखादा गट गावातल्या पाच-सहा घरांचा माल एकत्र आणतो, त्यात वावगं काही नाही. "हे तुमच्या शेतातलं का हो?" हा प्रश्न मुलाला विचारू द्या, उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. थेट शेतातून आलं म्हणजे फवारणी नाही, असंही समजू नका. पावसाळ्यात कीड पडते आणि औषध मारावंच लागतं असं बहुतेक शेतकरी मोकळेपणाने सांगतात. "विषमुक्त" अशी पाटी दिसली की मी तरी चार प्रश्न जास्तच विचारते. भाजी कुठूनही आणा, भरपूर पाण्याने धुवा. आणि स्वस्त? कधी असते, कधी नसते. सलग पाऊस लागला की पालेभाजी सगळीकडेच महागते. तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून मुलाने डोळे विस्फारले, तर शेतात पाणी साचलं की काय होतं ते सांगायची ती वेळ.

घरी आल्यावरची कामंही वाटून टाका. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, गवारीचे देठ मोडणं यासाठी मुलांचे हात उत्तम. टीव्ही बघत केलं तरी माझी हरकत नाही. कणसात किंवा फ्लॉवरमध्ये अळी निघाली तर कृपा करून किंचाळू नका. तुम्ही किंचाळलात की ती भाजी पुढची दोन वर्षं वर्ज्य. उलट, बघू दे त्याला. एका पठ्ठ्याने कणसातली अळी डबीत घालून वर्गात आणली होती. त्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास तिनेच घेतला.

आणि आता सगळ्यात अवघड भाग, आपल्या तोंडाला आवर घालण्याचा. मुलाने हौसेने पडवळ निवडलं, घरी भाजी झाली आणि त्याने एक घास खाऊन ताट सरकवलं. त्या क्षणी "तूच आणलंस ना? मग आता संपव!" हे वाक्य जिभेच्या टोकावर येतं. गिळून टाका. हे वाक्य ऐकलेलं मूल पुढच्या वेळी बटाटाच निवडेल, अगदी शहाणपणाने. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती मुळातच जास्त असते. मुलांच्या आवडीनिवडींवर लीॲन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी आयुष्यभर काम केलं. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय की नवी चव पसंत पडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते, तीही बळजबरीशिवाय. आपण साधारण तिसऱ्या वेळी "आमच्याकडे नाही आवडत" असा शिक्का मारून मोकळे होतो. जीवनसत्त्वांचं व्याख्यानही नको. "डोळे चांगले होतात" म्हणून गाजर खाणारं मूल मला अजून भेटायचंय.

आपल्या सणांनी यात आपलं अर्धं काम करून ठेवलंय, त्याचा फायदा घ्या. जानेवारीतली भोगीची भाजी म्हणजे पौषातल्या बाजाराची यादीच: पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरं, उसाचे करवे. आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी येते ती ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं, रानातलं, हाताने लावलेलं गोळा करून ऋषीची भाजी होते. अळू, लाल माठ, भोपळा, सुरण, कणसाचे तुकडे, भेंडी, दोडका, आंबटपणाला अंबाडी नाहीतर चिंच. प्रत्येक घरची यादी थोडी वेगळी. तुमच्या घरी काय काय पडतं ते आजीला फोन करून मुलालाच लिहून घ्यायला सांगा. आजी दोन भाज्या हमखास जास्तीच्या सांगेल आणि त्यातली एक तुम्ही कधी पाहिलेलीही नसेल.

ऋषीच्या भाजीची तयारी श्रावणातच सुरू केलीत, तर पुरेसा वेळ मिळतो. गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि सगळ्याचे भाव चढलेले असतात, तेव्हा त्या दिवशी मुलांना नेऊ नका. त्याआधी एक-दोन बाजार त्यांना नुसते हिंडवा, भाज्या ओळखू द्या. मग सुरण, भोपळा यांसारखं टिकणारं आधी आणि पालेभाजी शेवटी, अशी ऋषीच्या भाजीची सगळी खरेदी या वर्षी त्यांच्यावर सोपवा. दोडका जून निघाला तर तेवढा गुपचूप बाजूला काढा, आणि काही बोलू नका.